तिकीट काढून ऐकायचं गाणं

आमच्या घरात दोन हेकट पुरुष होते आणि त्यांच्या मधे मी, अंजना. एक माझे वडील केरबा भंडारे, फौजेतनं हवालदार होऊन परत आलेले. दुसरा माझा धाकटा भाऊ आकाराम. पंचाहत्तर सालापर्यंत सातारा-सांगलीच्या कॉलेजातली पोरं त्याला ओळखायची, 'कातळ' बँडचा गाणारा म्हणून. मानेवर रुळणारे केस, घोट्याशी घोळणारी पँट, गळ्यात गिटार. गाणी तोच लिहायचा, चाली तोच लावायचा. आज कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. आज तो कारखान्यातनं येतो, चहा पितो, पेपर तोंडासमोर धरतो आणि शेजारी रेडिओ मोठा झाला की उठून खिडकी लावून घेतो.

त्याला फार कशाची हाव होती असंही नाही. लोकांनी टाळ्या दिल्या काय आणि शिव्या दिल्या काय, त्याला एकच गोष्ट हवी होती. आप्पांनी एकदा बसून त्याचं गाणं ऐकावं. एकदाच! एवढीशी तर गोष्ट. पण आमच्या घरात एवढीशी गोष्ट कधी एवढीशी राहिलीय?

आप्पांचं म्हणणं कळायला जरा मागं जावं लागेल. कवठे महांकाळकडचं आमचं गाव. माझा आज्जा म्हादबा हलगी वाजवायचा. पाटलाच्या घरी लग्न निघालं की हळदीपासून वरातीपर्यंत तो आणि त्याची माणसं दारात उभी. दारात म्हणजे मांडवात नव्हे बरं का, मांडवाच्या बाहेर, उन्हात. आतल्या सगळ्या पंगती उठल्या की उरलंसुरलं धोतराच्या सोग्यात घ्यायचं आणि जाताना टॉवेल-टोपी. त्या टॉवेल-टोपीचं गावाला कोण कौतुक!

मग आम्ही बौद्ध झालो. छप्पन सालानंतर वस्तीतल्या सगळ्यांनी गावकीची कामं सोडली. आप्पा तेव्हा सुट्टीवर आले होते. अंगावर वर्दी, तसेच घरात शिरले, खुंटीवरची हलगी काढली आणि अग्रणी नदीकडं निघाले. मागनं अख्खी वस्ती आणि वस्तीमागं आम्ही पोरं. आता गंमत बघा, हलगी पाण्यात सोडायची म्हणून गेले आणि नदीला पाण्याचा टिपूस नाही! मग हातानं वाळू उकरून पुरली. उठून हात झाडले आणि म्हणाले, "आजपास्नं आपल्या घरातलं कुणी दुसऱ्याच्या दारात वाजवणार न्हाई. मी न्हाई, माझी पोरं बी न्हाईत."

गावानं मग त्याचा काय तो वचपा काढला. गिरणीत आमचं दळण घेईनात, बांधावर पाय टाकू देईनात. साताऱ्याला आम्ही आलो ते असे. आज्जा आला नाही. गावातच राहीबाई आत्याकडं राहिला आणि असाच एक दिवस गेला. हलगी त्याची होती, पण त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मला त्या वयातही या गोष्टीचा राग आला होता, पण आप्पांसमोर तोंड उघडायची कुणाची छाती!

मी मोठी झाले आणि मिरजेला नर्सिंग शिकायला गेले. आकाराम तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा. आक्काला भेटतो म्हणून साताऱ्याहून यायचा, मला तोंड दाखवायचा आणि पसार व्हायचा. शेवटी मी एकदा पाठलाग केला. तर आमच्याच दवाखान्यातले सॅम्युअल कंपाउंडर, त्यांच्या ओसरीत हा मांडी घालून बसलेला आणि ते त्याला गिटार शिकवतायत. सॅम्युअल चर्चमधे वाजवायचे.

"आप्पांना कळलं तर तंगडं मोडतील," मी म्हटलं.

"आक्का, ह्ये वाद्य कुणाचंच न्हाई बघ," तो म्हणाला. "पाटलाचं न्हाई, आपलं बी न्हाई. ह्येला जात चिकटायला अजून येळ हाय."

सॅम्युअलनी त्याला मान तुटलेली एक जुनी गिटार देऊन टाकली. मिरजेत सतारी करणाऱ्या एका मेस्त्रीकडं तो ती घेऊन गेला. मेस्त्रीनं आधी "हे असलं खोकं मी हातात धरत नाही" म्हणून हाकलून दिलं आणि मग कीव येऊन सतारीचं लाकूड लावून मान जोडून दिली. त्या गिटारीचा आवाज म्हणून जरा निराळाच यायचा, नाकातला.

मी शिकून साताऱ्याला परत आले, तोवर कॉलेजात त्याला हिंदुराव भेटला होता. कोरेगावकडचा, घरचा उसाचा मळा, दिलदार पोरगा. त्याच्या आईचं माहेर म्हणजे नेमकं आमचं गाव आणि गावातही पाटलाचंच घर. "म्हंजे तू माझ्या आजोळचा रं!" म्हणून त्यानं आकारामला मिठी मारली. पहिल्यांदा घरी आला तेव्हा आमची आई, साळूबाई, त्याच्या ताटात भाकरी वरनंच सोडत होती, हात लागू नये म्हणून. हिंदुराव आपला मागून मागून जेवला आणि वर कांदा फोडून द्या म्हणाला. मला तो पोरगा तेव्हापासून आवडतो. पुढं जे झालं त्यात त्याची चूक नव्हती असं मी म्हणणार नाही, पण वाईट माणूस नव्हे तो.

हिंदुरावनं बापाला पटवून ड्रमचा सेट आणवला. आणखी दोघं मिळाले आणि 'कातळ' उभा राहिला. अँप्लिफायर एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं बनवून दिला होता. त्याचा गुण असा, की गाणं ऐन रंगात आलं की मधेच आकाशवाणी लागायची. एकदा आकाराम डोळे मिटून आर्त सूर लावतोय आणि भोंग्यातनं कांद्याचे बाजारभाव! लोक हसून हसून लोळले. आकारामही हसला. तेव्हा हसायचा तो.

गॅदरिंग, गणपती, कुठं पुढाऱ्याचा सत्कार, असे कार्यक्रम मिळायचे. लोक म्हणायचे 'ऑर्केस्ट्रा आलाय'. दोन गाणी स्वतःची झाली की खालून ओरडा सुरू, "सिनेमातलं म्हणा की!" मग सिनेमातलं म्हणायचं. बाहत्तरच्या दुष्काळात तो राहीबाई आत्याला बघायला गावी गेला. आत्या सडकेच्या कामावर खडी फोडत होती. चार दिवस तिच्या शेजारी बसून यानंही हातोडी चालवली आणि गाणं घेऊन परत आला.

फोड गं बाई, फोड खडी,
सडक निघाली कुणाच्या घरी?
आमच्या दारावरनं जाती,
थांबत न्हाई घडीभरी.

हाताला फोड, फोडात पाणी,
तेवढंच पाणी औंदा रानी.

मी रुग्णांचं दुःख रोज बघणारी बाई, मला सहसा रडू येत नाही. पण अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, झाडाखाली बसून त्यानं मला हे पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा मी पदर डोळ्याला लावला. घरात गिटार आणायची सोय नव्हती, म्हणून सगळं असं झाडाखाली चालायचं.

आप्पांना काही कळत नव्हतं असं नाही. साताऱ्यात आम्हाला ओळखणारी माणसं कमी होती का! एका गणपतीत आकारामनं धीर करून विचारलंच. आप्पा तेव्हा एका कचेरीत पहाऱ्याच्या नोकरीला होते, कामावर निघायच्या तयारीत बुटाला पॉलिश करत बसले होते.

"आप्पा, उद्या कार्यक्रम हाय. या की."

"सुपारी घेटलीस?"

"घेटली. घ्यायलाच लागती, त्याबिगर कार्यक्रम पक्का हुईत न्हाई."

"मग झालं तर. सुपारी घेटली की दार आलंच."

"आवं आप्पा, मी ष्टेजवर गातो. लोकं खाली बसत्यात, मी वर उभा ऱ्हातो."

"म्हादबा बी उभाच ऱ्हायचा."

आई मधे पडली. "आवं, पोरगं एवढं म्हणतंय तर जावा की एकडाव."

आप्पांनी बूट खाली ठेवला. मग म्हणाले, "ज्या दिवशी लोकं खिशात हात घालून, तिकीट काढून तुला ऐकाय येतील, कुणाच्या लग्नाला न्हाई, बारशाला न्हाई, देवाला न्हाई, तुलाच ऐकाय येतील, त्या दिवशी मी पैल्या रांगंत बसतो. माझं तिकीट बी मीच काढणार. फुकट न्हाई."

मला ते रास्त वाटलं. आकारामला तर आभाळ ठेंगणं झालं. रात्रंदिवस एकच, तिकिटाचा कार्यक्रम लावायचा.

बोलायला सोपं. कोरेगावात लावला तर लोक बाहेरच्या भिंतीवर ओळीनं बसले आणि फुकटात ऐकून, वर दाद देऊन गेले. तिकीट काढून आत बसलेली माणसं इतकी थोडी, की हिंदुरावनं आपले चुलते-मालते धरून आणले. आप्पांना त्या वेळी कळवलंसुद्धा नाही. पुण्याच्या एका रेकॉर्डवाल्याकडं गाणी घेऊन गेले, तर तो म्हणाला, आवाज चांगला आहे तुमचा, पण लग्नात लावता येईल असं काही आहे का? आकाराम परत आला तो तापानं फणफणून. मी त्याला पाणी पाजत होते आणि तो तापात सुद्धा म्हणत होता, "सांगलीत करू आक्का. सांगलीचे लोक नाटकाला तिकीट काढत्यात. गाण्याला बी काढतील."

पंचाहत्तरच्या हिवाळ्यात सांगलीत नाट्यगृह घेतलं. तिकिटं छापली. भिंतीवर कागद चिकटवले. आकाराम आणि हिंदुराव सायकलवर कॉलेजं, चहाची हॉटेलं पालथी घालत फिरले. आणि तिकिटं खपेनात. दिवस जवळ आला तरी खपेनात.

पुढचं मला नंतर हिंदुरावनंच सांगितलं. त्याचे मामा मानसिंगराव, आमच्या गावचे पाटील, त्यांच्या मुलीचं लग्न नेमकं त्याच दिवशी सांगलीत होतं. दुपारी लग्न लागणार, संध्याकाळी पाहुण्यांना काहीतरी करमणूक पाहिजे. हिंदुराव आकारामला घेऊन मामाकडं गेला आणि त्यानं गळ घातली. मामा म्हणाले, "त्यात काय, सगळी तिकिटं मीच घेतो. माझी वऱ्हाडी मंडळी बसतील." आणि रिवाजाप्रमाणं विड्याच्या पानावर सुपारी ठेवून पान आकारामपुढं केलं.

आकाराम पानाकडं बघत राहिला म्हणे. मामांचा हात तसाच पुढं. मग त्यानं सुपारी उचलली.

"तिकिटंच घेटली की त्येंनी," बाहेर आल्यावर तो हिंदुरावला म्हणाला. "समदी घेटली. एकाच माणसानं घेटली, एवढंच."

एवढंच! अरे मूर्खा! पण तेव्हा मी तिथं नव्हते, असते तर कानफटात दिली असती. इतकी वर्षं बापाच्या एका शब्दामागं धावून पोरगं इतकं दमलं होतं, की ते स्वतःलाच फसवायला तयार झालं होतं. पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या तेवढ्या त्यानं मामांकडनं मागून घेतल्या आणि साताऱ्याला येऊन आप्पांना सांगितलं, "आप्पा, समदी तिकिटं खपली."

आप्पांनी कोटाच्या खिशातनं पैसे काढून पुढं केले. आणि आकारामनं ते घेतले. मला तेव्हा वाटलं, दोघांचं किती छान जमलं शेवटी.

आईचे गुडघे धरले होते म्हणून आप्पा आणि मी दोघंच निघालो. आप्पांनी फौजेतला कोट काढला, पदकं पुसून लावली. एस. टी.त बसल्यावर म्हणाले, "गिटारीला तारा किती असत्यात गं?" मी सांगितलं सहा. "लय झाल्या की," म्हणाले. सबंध वाटेत तेवढंच. पण चेहरा असा होता की मला वाटलं, आता हा माणूस बदलला.

नाट्यगृहाच्या दाराशी केळीचे खांब बघून ते थबकले. दारात माणसं गुलाबपाणी उडवत होती, अत्तर लावत होती.

"लगीन हाय का काय?"

"सांगलीत पद्धत असेल," मी म्हटलं. मला तरी कुठं माहीत होतं! आत गेलो तर बायका शालू नेसून, पुरुषांच्या डोक्याला फेटे, पोरं रांगांमधनं पळतायत. पहिल्या रांगेच्या मधोमध मानसिंगराव. आम्ही आमच्या खुर्च्यांपाशी पोचलो तसे ते उठले. त्यांनी आप्पांना न्याहाळलं आणि त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, खोटं नाही सांगत.

"कोण, केरबा न्हवं? म्हादबाचा केरबा! ये, ये गड्या. लय वर्सानं." त्यांनी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या आवाजात आजूबाजूच्या पाहुण्यांना सांगू लागले, "ह्येच्या बापानं माझ्या लग्नात वाजवलं. काय वाजवायचा! आन् आज ह्येचा पोरगा माझ्या लेकीच्या लग्नात वाजवतोय. रीत राखलीस केरबा. रक्तातच असतंय ते."

मग मागं वळून कुणाला तरी खूण केली. टॉवेल-टोपी आली. त्यांनी ती दोन्ही हातांनी आप्पांच्या हातावर ठेवली. "तुज्या बापाला बी दिली व्हती. मान हाय तुमचा."

त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. मला आजही वाटतं, त्यानं मुद्दाम अपमान केला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

आप्पा ताठ उभे होते. त्यांनी टॉवेल-टोपी घेतली, वळले आणि आपल्या तिकिटाच्या खुर्चीवर ती नीट ठेवली, एस. टी.त जागा धरतात तशी. मला म्हणाले, "तू ऐक. घरातल्या एकानं तरी ऐकावं. मी जातो येष्टीनं." मी उठायला लागले तर नजरेनंच खाली बसवलं.

पडद्याच्या कडेला आकाराम उभा होता. त्यानं सगळं बघितलं होतं. आप्पांची पाठ दारातनं बाहेर जाईपर्यंत तो बघत होता आणि मग घंटा झाली.

मी त्याचा सबंध कार्यक्रम तेव्हा पहिला आणि शेवटचा ऐकला. काय गायला तो! दुसरंच गाणं खडीचं काढलं. हिंदुराव मागनं मानेनं नको नको म्हणतोय, पण याची नजर त्या रिकाम्या खुर्चीवर. वऱ्हाड्यांची चुळबूळ सुरू झाली. एक फेटेवाला ओरडला, "लग्नात काय रडगाणं लावलंय रं? नाचायचं म्हण!" हशा झाला. आकारामनं एक कडवं गाळलं नाही. शेवटपर्यंत म्हटलं. त्यानंतर मात्र त्याला जे सांगतील ते तो म्हणत गेला, सिनेमातलं, नाचायचं, दोन-दोनदा. पाहुणे खुर्च्या सारून नाचले. सुपारी घेतली होती ना.

कार्यक्रम संपल्यावर मी आत गेले. हिंदुराव घाम पुसत म्हणत होता, "मामा चांगलंच बोलले की रं. मान दिला त्येंनी. केरबाकाका का गेले मग?" त्याला खरंच कळलं नव्हतं. आमच्या ताटात जेवलेला पोरगा, पण त्याला कळलं नव्हतं!

आकाराम हसला. ते हसणं मला आवडलं नाही. त्यानं गळ्यातली गिटार काढून हिंदुरावच्या हातात दिली आणि म्हणाला, "ही तुज्याकडंच ठिव. आमच्या घरात वाद्य ऱ्हात न्हाई."

मी मिरजेला मैत्रिणीकडं मुक्काम करून दुसऱ्या दिवशी घरी गेले. आप्पा पहाऱ्यावर निघाले होते. आकाराम मागनं आला. मला वाटलं आता भांडण होईल, आरडाओरडा होईल, होऊ दे एकदाचं. आप्पा म्हणाले, "आलास?" तो म्हणाला, "आलो." झालं. त्यावर घरात कधी शब्द निघाला नाही. मी दोन्हीकडनं बोलून बघितलं, आईनं रडून बघितलं. दगडावर डोकं आपटायचं आणि वर दगडाला लागलं का विचारायचं, तसली गत.

आकारामनं केस कापले. औद्योगिक वसाहतीत लेथवर लागला. बँड बसला. हिंदुराव दोन-तीनदा बोलवायला आला, बाहेरच्या बाहेर चहा पाजून आकारामनं त्याला परत पाठवला. पुढं हिंदुराव उसात रमला. लग्न कर म्हणून आम्ही आकारामच्या मागं लागलो, तर म्हणाला, "लग्नाचं नाव काढू नका." मी पुन्हा काढलं नाही.

एकोणऐंशीत आप्पांच्या छातीत पाणी झालं. मी तेव्हा साताऱ्याच्या दवाखान्यात होते, त्यांना माझ्याच वॉर्डात ठेवलं. एवढा उंचपुरा माणूस, खाटेत मावायचा नाही, तो आता चादरीखाली सापडेना. आकाराम पाळी सुटली की खाकी कपड्यातच यायचा, स्टुलावर बसायचा, निघून जायचा.

एका दुपारी आप्पांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "आक्या, ते खडीचं म्हण."

आकाराम दचकला. "कुठलं?"

"तेच. हाताला फोड, फोडात पाणी."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली. मी कधी एक ओळसुद्धा आप्पांना सांगितली नव्हती.

"तुमी कुठं ऐकलंत, आप्पा?"

"सांगलीत. भाईर भोंगा लावला व्हता की. पानाच्या टपरीपाशी उभा व्हतो."

"समदं ऐकलं?"

"समदं. येष्टी गेली त्या नादात. सकाळच्यानं आलो."

आकारामनं स्टूल पुढं ओढलं. "मग सांगितलं का न्हाई? आप्पा, चार वर्सं झाली. का न्हाई सांगितलं?"

आप्पा छताकडं बघत होते. "काय सांगू? माझ्या पोराचं गाणं दारात उभा ऱ्हाऊन ऐकलं म्हणून सांगू?"

आप्पांनीच मग हात हलवला. "म्हण आता. हितं कुणाचं दार न्हाई. सरकारी हाय."

आकाराम स्टुलावरनं उठला. घसा साफ केला. "फोड गं बाई" एवढं निघालं, तेही फाटकं, आणि तो थांबला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबला. मी हळू आवाजात पुढची ओळ सांगितली. त्याचे ओठ हलले, आवाज आला नाही. आप्पा वाट बघत होते. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला होता. मी दुसरी ओळ सांगितली.

"आप्पा, इसारलो मी," आकाराम म्हणाला. "पुढचं येत न्हाई."

स्वतः केलेलं गाणं कुणी विसरतं का? मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "दमून आलायस." आणि डोळे मिटून घेतले. त्याच आठवड्यात ते गेले.

वस्तीतली माणसं आली, वंदना झाली, सगळं रीतसर झालं. पुण्यानुमोदनाचा दिवस उरकला, पाहुणे गेले, आई आत पडली होती. आकाराम कामावर जायला निघाला होता. डबा घेऊन दारापर्यंत गेला आणि परत माझ्यापाशी आला.

"आक्का, तू समदे दिवस त्येंच्या उशाशी व्हतीस. काय बोलले का गं? गाणं कसं वाटलं, त्येचं काय बोलले का?"

एकोणतीस वर्षांचा बाप्या माणूस, पण माझ्याकडं असा बघत होता की मला त्याच्याकडं बघवेना. 'चांगलं होतं म्हणाले' असं म्हणायला माझं काय जात होतं? जन्मभर पुरलं असतं त्याला. पण समदी तिकिटं खपली म्हणून एकदा गोड बोलून झालं होतं आमच्या घरात, त्याचं काय झालं ते मी बघितलं होतं.

"नाही रे," मी म्हटलं. "काही बोलले नाहीत."

"बरं," तो म्हणाला आणि कामावर गेला. मी दाराला आतनं कडी लावली आणि मोठमोठ्यानं रडले. आई आतनं म्हणाली, रड बाई, बाप गेलाय तुझा. मी बापासाठी रडत नव्हते.